न्यूर्नबर्गचा ख्रिसमस बाजार: येण्याआधी सगळे विचारतात ते प्रश्न

ऑक्टोबर लागला की न्यूर्नबर्ग-एर्लांगन पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये फोन खणखणू लागतात. कुणाचे आई-बाबा येणार असतात, कुणाचा म्युनिकचा मित्र सहकुटुंब धडकणार असतो, कुणाची पुण्याची मावशी युरोप टूरमधून एक दिवस चोरून येणार असते. प्रश्न मात्र दर वर्षी तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. हे सगळं न्यूर्नबर्गच्या ख्रिस्टकिंडलेसमार्क्टबद्दल आहे. दुसऱ्या गावच्या बाजाराला थंडीचे कपडे आणि सुट्टे पैसे एवढं लागू पडेल, बाकीचं पडेलच असं नाही.

बाजार नक्की कधी असतो?

तारीख दर वर्षी बदलते, नियम बदलत नाही. ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार हे 'आडव्हेंट'चे. त्यातल्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला बाजार उघडतो आणि २४ डिसेंबरला दुपारी दोनला बंद होतो. २०२६ मध्ये तो शुक्रवार २७ नोव्हेंबरला येतो. एरवी वेळ सकाळी दहा ते रात्री नऊ.

नीट वाचा, २४ डिसेंबर. ख्रिसमसची सुट्टी घेऊन २५ ला येणारं एक तरी कुटुंब दर वर्षी निघतंच. आपल्याकडे नाताळ म्हणजे २५ ते ३१ असं डोक्यात बसलेलं असतं. इथे सगळी धामधूम आधीच्या चार आठवड्यांत असते आणि २५ ला गाव चिडीचूप.

कुठल्या दिवशी आणि किती वाजता जावं?

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा. सोमवार ते गुरुवार यांतला कुठलाही दिवस धरा आणि दुपारी तीनच्या सुमाराला पोचा. डिसेंबरच्या मध्याला इथे सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो. तीन ते चार उजेडात स्टॉल नीट बघून होतात, वस्तू हातात घेता येते, विक्रेत्याशी दोन शब्द बोलता येतात. मग अर्ध्या तासात आभाळ गडद निळं होतं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छपरांखाली दिवे लागतात आणि मागे फ्राउएनकिर्ख या चर्चचा दर्शनी भाग उजळतो. फोटो काढायचे ते तेव्हा. सहा वाजता ऑफिसं सुटलेली माणसं येऊ लागली की आपण जेवायला निघायचं.

शनिवारी संध्याकाळी गेलात तर समोरच्या माणसाच्या जॅकेटची पाठ बघून परत याल. या बाजाराला एका मोसमात वीस लाखांच्या घरात लोक येतात आणि त्यातले निम्मे शनिवारीच येत असावेत असं माझं मत आहे. 'वीकेंडलाच जमेल' म्हणणाऱ्यांनी रविवारी सकाळी दहाला यावं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, बाजार मात्र चालू असतो.

सकाळी आलात तर बरोबर बाराला फ्राउएनकिर्खच्या घड्याळाकडे बघा. १५०९ पासूनचं हे यंत्र: मध्ये सम्राट चौथा कार्ल बसलेला आणि त्याला मुजरा करत फिरणारे सात राजे-धर्मगुरू. सम्राट कुणी निवडायचा हे ठरवणारं १३५६ चं फर्मान या शहराशी जोडलेलं आहे, त्याची ही आठवण.

थंडी किती असते? काय घालावं?

साधारण उणे दोन ते अधिक पाच अंश. आकडा ऐकून महाबळेश्वरला काढलेले दिवस आठवू नका. तिथे माणूस चालत असतो, इथे तो दगडी फरसबंदीवर तास-दोन तास उभा असतो. थंडी अंगातून नाही, तळपायातून वर चढते. त्यामुळे महागड्या जॅकेटपेक्षा जाड तळव्याचे बूट आणि लोकरीचे मोजे महत्त्वाचे. स्पोर्ट्स शूज घालून आलेली मंडळी पाऊण तासात 'कुठेतरी आत बसू या' म्हणू लागतात.

आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. कान झाकणारी टोपी हवीच. बाबांनी भारतातून आणलेली माकडटोपी खुशाल घालू द्या, इथे कुणी वळूनही बघत नाही. जीन्सच्या आत थर्मल नसेल तर मांड्या गारठतात, हे कुणी आधी सांगत नाही. फोनची बॅटरी थंडीत झरझर उतरते, तो आतल्या खिशात ठेवा.

बर्फ पडतो का?

भरवसा नाही. बहुतेक वेळा रिमझिम पाऊस, नाहीतर नुसतंच करडं आभाळ. पिक्चरमधल्यासारखा भुरभुर बर्फ मिळाला तर नशीब समजा. छत्री आणू नका, गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. टोपीवालं जॅकेट बरं.

पोचायचं कसं? म्युनिकहून एका दिवसात होतं का?

आरामात होतं. आयसीई ही जलद गाडी सव्वा तासाच्या आत-बाहेर न्यूर्नबर्गला आणते. चार-पाच जण असाल तर बायर्न-तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरिया या राज्यात कुठेही फिरता येतं आणि शहरातली मेट्रो-बसही त्यातच. मात्र ते फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईला नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. अशा गाडीला म्युनिकहून पावणेदोन तासांच्या आसपास लागतात.

न्यूर्नबर्गच्या विमानतळावरून यू-२ मेट्रो बारा-तेरा मिनिटांत मुख्य स्टेशनवर सोडते. तिला ड्रायव्हर नाही, मुलांना सगळ्यात पुढे बसवा. स्टेशनवरून ज्या चौकात बाजार भरतो तो हाउप्टमार्क्ट चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. क्योनिगश्ट्रासे धरा, लोरेन्झकिर्ख हे चर्च ओलांडा, नदीवरचा पूल पार करा. गर्दी तुम्हाला आपोआप नेते. गाडी घेऊन जुन्या गावात शिरायचा विचारसुद्धा करू नका.

तिकीट किती?

काही नाही. मोकळा चौक आहे, कुठूनही आत शिरा.

रोख पैसे लागतात का?

हो. कार्ड घेणारे स्टॉल वाढताहेत, पण सॉसेजवाला आणि हस्तकलेवाली आजी यांच्याकडे रोखच चालते असं धरून चला. पाच-दहाच्या नोटा आणि एक-दोन युरोची नाणी ठेवा. स्वच्छतागृहालाही नाणं लागतं, तेव्हा शेवटचं नाणं वाइनवर उडवू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. कार्टोफेलपुफर म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या वड्या, उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाचा जर्मन चुलतभाऊच, पण तो खातात सफरचंदाच्या गोड मुरंब्याबरोबर. ऐकायला विचित्र, खायला झकास. त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. चीज घातलेले श्पेट्झल नावाचे नूडल्स मिळतात, त्यातही अंडं असतं. भाजलेले चेस्टनट, साखर-दालचिनीत घोळवून कढईत परतलेले गरम बदाम, क्रेप ही बाकीची मंडळी.

गोची होते ती मार्गशीर्षात. बाजाराचे दिवस आणि मार्गशीर्षातले गुरुवार बऱ्याचदा एकावर एक येतात आणि आई म्हणते, 'आज अंडं नको.' त्या दिवशी चेस्टनट आणि बदाम यांवर भिस्त ठेवा. लेबकूखन या इथल्या मसालेदार बिस्किटात सहसा अंड्याचा पांढरा भाग असतो, तोही त्या दिवशी वर्ज्य.

दोन वाक्यं पाठ करून ठेवा. 'इस्ट दा फ्लाइश द्रिन?' म्हणजे यात मांस आहे का, आणि 'इस्ट दा आय द्रिन?' म्हणजे यात अंडं आहे का. पाटीवर 'श्माल्त्स' दिसलं तर ती डुकराची चरबी, ब्रेडवर लावून विकतात. वरून लोण्यासारखं दिसतं, फसू नका.

ते बोटाएवढे सॉसेज काय आहेत?

मांसाहारी असाल तर हे चुकवू नका. न्यूर्नबर्गचा सॉसेज सात ते नऊ सेंटिमीटर लांब आणि वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा असतो. डुकराचं मांस आणि मार्जोरम हा सुगंधी पाला. २००३ पासून त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे, म्हणजे या शहराच्या हद्दीत बनलेला असेल तरच हे नाव. बाजारात तो 'द्राय इम वेक्ला' म्हणून मागायचा: एका गोल पावात तीन. मोहरी स्वतः लावून घ्यायची. तीन पुरत नाहीत, दुसरा पाव लागतोच. गोमांस टाळणाऱ्यांना हा चालतो, डुकराचं टाळणाऱ्यांना अर्थातच नाही.

ग्ल्यूवाइन म्हणजे काय? आणि मगचे पैसे वेगळे का घेतात?

दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून गरम केलेली गोडसर लाल वाइन. उकळत नाहीत, नाहीतर अल्कोहोल उडून जाईल. न्यूर्नबर्गमध्ये ब्लूबेरीच्या वाइनचीही करतात, मला तीच जास्त आवडते. गोड आणि गरम असल्यामुळे भराभर घशाखाली उतरते आणि डोक्यात नंतर जाते, रिकाम्या पोटी घेऊ नका. न पिणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी 'किंडरपुन्श' मागा. 'आयरपुन्श' मात्र अंड्याचं असतं, आणि दारूही असते.

ग्ल्यूवाइन मातीच्या मगात देतात आणि मगसाठी काही युरो डिपॉझिट घेतात, त्याला 'फांड' म्हणतात. रिकामा मग परत केला की पैसे परत. तो आवडला तर बिनधास्त घरी न्या, डिपॉझिट गेलं एवढंच, आणि त्यावर दर वर्षी वेगळं चित्र असतं. फक्त टवका उडालेला नाही ना ते बघा, उडाला असेल तर धुतलेला दुसरा मागून घ्या.

बाजाराच्या बाजूला फ्लाइशब्र्युके या पुलापाशी एक अजस्र पातेलं दिसेल, जगात सगळ्यात मोठं म्हणून मिरवतं. तिथलं पेय फॉयरत्सांगनबोव्ले: गरम वाइनवर रममध्ये भिजवलेला साखरेचा खडा पेटवतात आणि साखर वितळून खाली टपकते. एका मगात दोघांनी भागवावं.

खरेदी काय करू? सगळं चिनी माल नाही ना?

इथे नगरपालिका कडक आहे. मुख्य चौकात प्लास्टिकच्या माळा चालत नाहीत, रेकॉर्ड केलेली ख्रिसमस गाणी वाजवायला बंदी, पाळणे-चक्र्या नाहीत. साधारण १८० लाकडी स्टॉल आणि सगळ्यात सुंदर सजवलेल्यांना दर वर्षी बक्षीस. म्हणून फिरताना कानठळ्या बसत नाहीत. तरीही सगळंच हातानं केलेलं असतं असं नव्हे. काचेचे चमकते गोळे सरसकट घेऊ नका, कुठे बनले ते विचारा.

माझी शिफारस एकच: 'त्स्वेच्गनमेन्ले', म्हणजे सुक्या प्लमची माणसं. तारेवर ओवलेल्या सुरकुतलेल्या काळ्या प्लमचे हातपाय, अंजिराचं धड, अक्रोडाचं डोकं आणि त्या अक्रोडावर दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक तिरकं हसू रंगवलेलं. कुणी धुराडं साफ करणारा असतो, कुणी आजीबाई विणकाम घेऊन बसलेली, कुणी डॉक्टर, कुणी हातात बियरचा ग्लास घेतलेला. सुरकुत्या खऱ्या फळाच्या असल्यामुळे कुठलेही दोन सारखे नसतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी नेमका आपल्या नवऱ्यासारखा दिसणारा निवडून नेला आणि तो आता त्यांच्या दिवाणखान्यात आहे. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत नेणार असाल तर काचेच्या बरणीत ठेवा, नाहीतर मुंग्या काढतात समाचार.

दुसरी इथली खास वस्तू राउशगोल्डएंगल, म्हणजे पितळेच्या कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चुण्यांचा झगा घातलेली सोनेरी परी. आपली मुलगी वारल्यावर एका कारागिरानं ती पहिल्यांदा बनवली अशी दंतकथा सांगतात. सामानात चेपते, पुठ्ठ्याच्या खोक्यासकट घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

लेबकूखन कुठलं घ्यावं?

पाकिटावर 'एलिझनलेबकूखन' लिहिलेलं. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के असा दंडक आहे. बाकीची स्वस्त पडतात, पण ती खाऊन 'हे तर साधं मसाल्याचं बिस्किट' असं म्हणाल. लाल रिबिनीची, 'आय लव्ह यू' लिहिलेली हृदयाच्या आकाराची गळ्यात अडकवायची, खायची नव्हे.

या मसाल्याची गोष्ट मात्र आपल्यापर्यंत येते. भोवतालच्या जंगलात मधमाश्या असल्यामुळे मध घरचा होता. दालचिनी, लवंग, वेलची, मिरी दुरून यायची आणि न्यूर्नबर्ग व्यापारी वाटांच्या नाक्यावर होतं. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदा हा पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय ज्या ताफ्यासह हिंदुस्थानकडे निघाला, त्यात न्यूर्नबर्गच्या इमहोफ आणि हिर्शफोगेल या घराण्यांचेही पैसे गुंतले होते. तो ताफा थांबला अंजदीव बेटावर, कारवारसमोर असलेल्या आणि आज गोव्यात मोडणाऱ्या. पुढे मलबारला जाऊन मिरी भरली. त्यामुळे गोव्याचे पाहुणे आले की त्यांना लेबकूखन चारताना मी हे सांगतोच, त्यांना आवडो न आवडो.

लेबकूखन चांगल्या डब्यात काही आठवडे टिकतं. कडक झालं तर डब्यात सफरचंदाची फोड ठेवा, एका दिवसात मऊ पडतं. मग फोड काढून टाका, नाहीतर बुरशी.

भाव करता येतो का?

नाही.

ख्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशू का? मग उद्घाटन करते ती मुलगी कोण?

मूळ अर्थ बाळ येशूच. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांना संत निकोलसनं मुलांना भेटी आणाव्यात हे पटेना, तेव्हा ते काम ख्रिस्टकिंडकडे आलं. पुढे कधीतरी त्याची सोनेरी कुरळ्या केसांची, मुकुट घातलेली परी झाली. १९६९ पासून शहरातली एक मुलगी दोन वर्षांसाठी निवडतात. वय सोळा ते एकोणीस, उंची किमान १६० सेंटिमीटर आणि उंचावर चक्कर येता कामा नये. ही शेवटची अट गमतीची नाही. उद्घाटनाला तिला फ्राउएनकिर्खच्या सज्जात उभं राहून खालच्या हजारो लोकांसमोर स्वागताचं काव्य म्हणायचं असतं.

२०१९ मध्ये बेनिग्ना मुन्सी ही मुलगी निवडली गेली, तिचे वडील भारतीय वंशाचे. एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या म्युनिक भागातल्या शाखेनं तिच्या दिसण्यावरून फेसबुकवर वंशद्वेषी शेरा मारला. देशभरातून इतकी टीका झाली की ती पोस्ट काढावी लागली. तिनं फार शांतपणे सगळ्याला तोंड दिलं आणि उद्घाटनाला दणक्यात बोलली. इथल्या भारतीय घरांतल्या मुलींना तेव्हा काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

निवडलेली ख्रिस्टकिंड मोसमात आठवड्यातले काही दिवस दुपारी बाजारातही येते, मुलांना भेटते. वेळ त्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत बघा.

हा बाजार खरंच चारशे वर्षं जुना आहे?

कागदावर नाही म्हटलं तरी एका डबीवर पुरावा आहे. शहरातल्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात लाकडाची एक रंगवलेली डबी आहे. या बाजाराच्या वेळची भेट म्हणून कुणीतरी कुणाला पाठवली, असं तिच्या तळाशी लिहिलंय आणि साल १६२८. म्हणजे त्याआधी काही काळ तो भरतच असणार.

पण सलग नाही, आणि सगळा इतिहास गोडही नाही. हाच चौक जिथे आहे तिथे ज्यूंची वस्ती होती. १३४९ मध्ये तिची कत्तल झाली आणि सिनेगॉगच्या जागी फ्राउएनकिर्ख उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजार इथून हलला होता. १९३३ मध्ये नाझींनी तो वाजतगाजत परत आणला, तेव्हा चौकाला हिटलरचं नाव दिलेलं होतं. युद्धात तो बंद पडला. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव जवळजवळ सगळं जमीनदोस्त झालं आणि १९४८ मध्ये बाजार पुन्हा भरला. भोवतीच्या ज्या इमारती मध्ययुगीन वाटतात त्यातल्या कित्येक युद्धानंतर पुन्हा बांधलेल्या आहेत. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे परत खंड.

लहान मुलं बरोबर आहेत. काय करू?

त्यांना मुख्य चौकात फार घोळवू नका, त्यांना नुसत्या कंबरा दिसतात. दोन मिनिटांवर हान्स-साक्स-प्लाट्झला मुलांचा वेगळा बाजार आहे: दुमजली मेरी-गो-राउंड, छोटा पाळणा, वाफेची आगगाडी. बाबागाडी फरसबंदीवर खडखडते आणि गर्दीत अडकते, तान्ह्या बाळाला कॅरियरमध्ये घ्या. चौकातल्या श्योनर ब्रुनेन या उंच कारंज्याच्या जाळीत एक पितळी कडी आहे, ती फिरवून मनात इच्छा धरायची असते. मुलांना हे फार आवडतं, मोठ्यांनाही.

आई-बाबा सत्तरीच्या पुढे आहेत, झेपेल का?

झेपतं, बसायला जागा शोधून ठेवली तर. बाजारात बाकं जवळपास नाहीत, खाणं-पिणं उभ्यानंच. दर पाऊण तासानं त्यांना जेबाल्डुसकिर्ख किंवा लोरेन्झकिर्खमध्ये नेऊन बसवा. आत शांत असतं, वाऱ्यापासून सुटका होते आणि लोरेन्झकिर्खमध्ये वर टांगलेलं फाइट श्टोस या शिल्पकाराचं पाचशे वर्षांपूर्वीचं लाकडी शिल्प डोकं मागे टेकून बघता येतं. तिथल्या देणगीपेटीत काहीतरी टाका. गुडघे दुखत असतील तर किल्ल्याचा चढ सोडून द्या.

सुरक्षित आहे का?

२०१६ मध्ये बर्लिनला आणि २०२४ मध्ये माग्डेबुर्गला ख्रिसमस बाजारात गाडी घुसवून हल्ले झाले, तेव्हा हा प्रश्न रास्त आहे. आता वाटांवर अडथळे असतात आणि पोलीस दिसतात. रोजचा धोका पाकीटमारांचा. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या, पासपोर्ट हॉटेलात ठेवून त्याची प्रत बाळगा.

एकच बाजार बघायचा असेल तर न्यूर्नबर्गच का? ड्रेस्डेन का नको?

ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सलमार्क्ट १४३४ पासूनचा, म्हणजे याच्याहून जुना, आणि तिथला श्टोलन केक अप्रतिम. बर्लिनहून येत असाल तर तिकडेच जा. म्युनिक किंवा फ्रँकफुर्टहून येणाऱ्यांना न्यूर्नबर्ग सोयीचं. दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी बांबेर्गला जा. तिथे गावभर चर्च-संग्रहालयांत येशूजन्माचे देखावे मांडलेले असतात आणि गर्दी निम्मीही नसते.

आमचं विमान २४ तारखेला सकाळी उतरतं. काही बघायला मिळेल?

दोनच्या आत पोचलात तर मिळेल, पण एकपासूनच स्टॉलवाले आवराआवर करू लागतात. त्याच दिवशी दुपारी दुकानं बंद होतात ती थेट २७ ला उघडतात, २७ ला रविवार आला तर आणखी एक दिवस. तेव्हा बाजाराच्या आधी सुपरमार्केटमध्ये जा: दूध, ब्रेड, तांदूळ, डाळ आणि अडीच दिवसांची भाजी.